‘वय झालं, आता दुखणारच’: हे वाक्य कितपत खरं आहे?

सकाळी अंथरुणातून उठताना तोंडातून निघणारं ‘आई गं’, जिना उतरताना कठड्याला घट्ट धरलेला हात, उशाशी ठेवलेली बामची डबी. साठीच्या पुढचं कुणी घरात असेल तर यातलं काहीतरी रोज दिसतं. विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं, ‘वय झालं, आता दुखणारच.’ मुलं-सुना तेच म्हणतात. कधी कधी डॉक्टरही तेच म्हणतात.

या एका वाक्यात दोन दावे आहेत. पहिला, म्हातारपणी खूप लोकांना दुखणी असतात. दुसरा, त्यावर फार काही करता येत नाही. पहिला दावा बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा नाही. पण पहिला पटला की दुसराही आपोआप मान्य केला जातो आणि तिथेच उपचार थांबतात.

म्हणून हे दोन दावे वेगवेगळे करून पाहू.

जुनाट दुखणं कशाला म्हणायचं?

बोट कापलं की दुखतं. जखम भरली की थांबतं. हे दुखणं कामाचं असतं, कारण ते शरीराला सावध करतं.

पण काही वेळा दुखणं थांबतच नाही, किंवा थांबून पुन्हा पुन्हा परत येतं. असं दुखणं ३ महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिलं तर त्याला दीर्घकालीन वेदना किंवा ‘क्रॉनिक पेन’ म्हणतात. गुडघे, कंबर, मान, खांदे ही त्याची नेहमीची ठिकाणं. मधुमेहामुळे पायांची होणारी आग आणि नागीण बरी झाल्यावरही महिनोन्महिने राहणारी ठणक हीसुद्धा यातच मोडतात.

जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची एक अधिकृत यादी आहे. तिची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात दीर्घकालीन वेदनेला पहिल्यांदा स्वतःचा व्यवस्थित विभाग मिळाला. त्याआधी दुखणं हे बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी आजाराचं लक्षण म्हणूनच नोंदलं जायचं. यादीत नाव आलं की नोंद होते आणि नोंद झाली की किती लोकांना काय होतंय हे कळतं.

भारतात किती जणांना?

याचं उत्तर देणारा मोठा अभ्यास मुंबईतूनच झाला आहे. गोवंडीजवळ देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. या संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया या अमेरिकी विद्यापीठांसोबत ‘लासी’ नावाची पाहणी केली. तिची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. ४५ वर्षांच्या पुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांशी घरी जाऊन बोलणं झालं. त्यातले ३१ हजारांहून जास्त लोक साठीच्या पुढचे होते.

त्यांना एक साधा प्रश्न विचारला होता, तुम्हाला वारंवार दुखण्याचा त्रास होतो का? तिघांतल्या एकापेक्षा जास्त जणांनी ‘हो’ म्हटलं. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं आणि खेड्यात शहरापेक्षा जास्त.

आता ढोबळ हिशेब करू. २०२२ मध्ये भारतात साठीच्या पुढचे सुमारे १४.९ कोटी लोक होते. त्यातल्या एक तृतीयांश लोकांना दुखण्याचा त्रास आहे असं धरलं, तर आकडा ५ कोटींच्या आसपास जातो. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे जवळपास अर्धा महाराष्ट्र भरेल एवढे लोक.

संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि याच मुंबईच्या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार, २०५० पर्यंत देशातली ज्येष्ठांची संख्या ३४.७ कोटींवर जाईल. आज ज्यांची चाळिशी चालू आहे ते तेव्हा या रांगेत असतील.

बाकीच्या जगात काय चित्र आहे?

अमेरिकेत सरकारी आरोग्य पाहणीत हा प्रश्न नेमाने विचारला जातो. २०२३ च्या आकडेवारीनुसार तिथल्या २४.३ टक्के प्रौढांना दीर्घकालीन वेदना होती. वयानुसार पाहिलं तर १८ ते २९ वयोगटात हे प्रमाण १२.३ टक्के आणि पासष्टीच्या पुढे ३६ टक्के.

ब्रिटनमधल्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पंचाहत्तरीच्या पुढच्या लोकांमध्ये हे प्रमाण ६२ टक्क्यांपर्यंत गेलेलं दिसतं.

कुठे ३६, कुठे ६२. एवढा फरक का? कारण प्रश्न वेगवेगळ्या पद्धतीने विचारला जातो. ‘वारंवार दुखतं का’ याला जितके लोक हो म्हणतील, तितकेच ‘गेले ३ महिने बहुतेक रोज दुखतं का’ यालाही म्हणतील असं नाही. म्हणून देशादेशांच्या आकड्यांची थेट तुलना करून ‘आपल्याकडे कमी’ किंवा ‘त्यांच्याकडे जास्त’ असं म्हणणं धोक्याचं आहे.

तरी दोन गोष्टी सगळीकडे सारख्या दिसतात. वय वाढतं तसं दुखण्याचं प्रमाण वाढतं. आणि भारतातली आणि अमेरिकेतली पाहणी बघितली तर निम्म्याहून जास्त ज्येष्ठ ‘मला असं दुखणं नाही’ असंच सांगतात.

ही दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. वय हेच कारण असतं तर सत्तरीतल्या सगळ्यांनाच दुखायला हवं होतं. तसं होत नाही. म्हणजे ज्यांना दुखतं, त्यांच्या बाबतीत वयाशिवाय आणखी काहीतरी कारण असतं. ते शोधता येतं आणि बऱ्याचदा त्यावर इलाजही असतो.

वयाबरोबर दुखणं वाढतं कशामुळे?

पहिलं कारण सांध्यांचं. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, खराब होत जातं आणि सगळ्या सांध्यावर परिणाम होतो. यालाच ऑस्टिओआर्थ्रायटिस किंवा बोलीभाषेत ‘गुडघ्यांची झीज’ म्हणतात. २०२० मध्ये जगभरात सुमारे ५९.५ कोटी लोकांना हा आजार होता. वजन, जुनी दुखापत, वर्षानुवर्षं ओझी उचलण्याचं काम आणि मांडीचे कमजोर स्नायू यांचा यात वाटा असतो.

दुसरं कारण हाडांचं. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं वेगाने ठिसूळ होऊ लागतात. कधी साधी बादली उचलताना पाठीचा मणका दबतो. घरचे म्हणतात उसण भरली, पण असतं फ्रॅक्चर. बायकांमध्ये दुखण्याचं प्रमाण जास्त असण्यामागे हे एक कारण आहे.

तिसरं कारण नसांचं. बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायांच्या बारीक नसा खराब होतात. मग मुंग्या येतात, आग होते, रात्री त्रास वाढतो. अशा दुखण्यावर नेहमीची पेनकिलर फारशी चालत नाही. त्यासाठी वेगळी औषधं असतात.

चौथं कारण कमी लोकांना माहीत असतं. दुखण्याची जाणीव शेवटी मेंदूत तयार होते. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं की, मणक्यातल्या मज्जारज्जूत एक प्रकारचं ‘फाटक’ असतं. वेदनेचा कोणता संदेश पुढे जाऊ द्यायचा आणि कोणता अडवायचा हे तिथे ठरतं. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो आणि बरं वाटतं, त्याचं स्पष्टीकरण या कल्पनेने देता येतं.

पुढे १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं की, सतत संदेश येत राहिले तर मज्जारज्जूतली यंत्रणाच जास्त संवेदनशील होते. रेडिओचा आवाज वाढवून बटण तिथेच अडकावं तसं काहीसं. मग मूळ इजा लहान असली किंवा बरी झाली असली तरी दुखणं मोठं जाणवतं. अपुरी झोप, चिंता, नैराश्य आणि एकटेपणा हा आवाज आणखी वाढवतात.

म्हणजे रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही तरी दुखणं खरं असू शकतं. ‘उगाच नाटकं करतात’ असं म्हणण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं.

‘मणक्यात गॅप आहे’ म्हणजे नक्की काय?

उलटंही होतं. रिपोर्ट खराब असतो, पण दुखत नसतं. पाठीचा कुठलाच त्रास नसलेल्या ३ हजारांहून जास्त लोकांच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनची माहिती २०१५ मध्ये एकत्र तपासली गेली. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यातल्या गादीत झीज दिसली. ऐंशीतल्या लोकांमध्ये तर ९६ टक्के. आणि यातल्या कुणाचीही पाठ दुखत नव्हती.

थोडक्यात, मणक्याची झीज ही केस पांढरे होण्यासारखी गोष्ट असू शकते. ‘गॅप आहे’, ‘गादी झिजली’ असे शब्द ऐकून अनेक ज्येष्ठ घाबरतात, वाकणं बंद करतात, चालणं सोडतात. त्याने स्नायू आणखी कमजोर होतात आणि दुखणं वाढतं.

ज्येष्ठ हे सांगत का नाहीत?

दुखणं मोजायचं यंत्र नाही. माणसाने सांगितलं तरच कळतं. आणि ज्येष्ठ बऱ्याचदा सांगत नाहीत. मुलांवर भार नको, खर्च नको, तपासण्यांमध्ये काहीतरी भलतंच निघेल अशी भीती, अशी त्याची कारणं असतात. घरातल्या बायका तर दुखणं घेऊनच स्वयंपाक करत राहतात, त्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण दुखणं वागण्यात दिसतं. रोज देवळात जाणारे आजोबा ओट्यावरच बसू लागतात. आजी लग्नाला यायला नको म्हणतात, कारण तिथे भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर उठता येणार नाही. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, पण एसटीची उंच पायरी चढवत नसेल तर त्या सवलतीचा उपयोग नाही.

बाहेर जाणं कमी झालं की माणसं भेटणं कमी होतं. मन उदास होतं, झोप बिघडते, दुखणं वाढतं. पाय अडखळून पडण्याचा धोकाही वाढतो. म्हणून ‘दुखतंय का?’ याऐवजी ‘गेल्या आठवड्यात दुखण्यामुळे काय करायचं राहून गेलं?’ असं विचारून पाहावं. उत्तर जास्त खरं मिळतं.

स्मृतिभ्रंश झालेल्यांना तर सांगताही येत नाही. अशा वेळी कपाळावरच्या आठ्या, कण्हणं, जेवण नाकारणं, हात लावला की झटकणं, अचानक चिडचिड वाढणं या खुणा पाहाव्या लागतात.

मेडिकलमधून आणलेली गोळी

आपल्याकडे दुखण्यावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘अंगदुखीची एक गोळी’ आणणं. नियमाने डॉक्टरांची चिठ्ठी लागणाऱ्या अनेक गोळ्याही सहज मिळतात. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही त्यातली नेहमीची नावं.

एखादा दिवस घेतलेली गोळी वेगळी आणि महिनोन्महिने रोज घेतलेली वेगळी. वय जास्त असताना या गोळ्या पोटात अल्सर करू शकतात आणि रक्तस्राव होईपर्यंत काही जाणवतही नाही. किडनीवर ताण येतो. रक्तदाब वाढतो, अंगावर सूज येते. रक्तदाबाची काही ठरावीक औषधं आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना त्यात ही पेनकिलर मिसळली, तर किडनी अचानक निकामी होण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा.

अजून एक गोष्ट. अनेक अंगदुखीच्या गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली की नकळत डोस दुप्पट होतो आणि यकृताला इजा होऊ शकते.

‘कुठल्याही सांधेदुखीवर दोन दिवसांत आराम’ देणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांपासूनही सावध राहायला हवं. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याची उदाहरणं आहेत. आराम खरंच पडतो, पण शुगर वाढते आणि हाडं आणखी ठिसूळ होतात.

मग उपयोग कशाचा होतो?

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, दुखण्याविषयी नीट माहिती देणं आणि मानसोपचाराच्या काही पद्धती यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन म्हणजे ‘वजन लावणं’, आणि अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या सरसकट वापरू नयेत असं त्यात म्हटलं आहे. आपल्याकडे पट्टा आणि वजन हेच पहिले उपाय समजले जातात.

गुडघ्यांच्या बाबतीत ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२ च्या सूचनाही अशाच आहेत. सगळ्यांना व्यायाम, गरज असेल तर वजन कमी करणं आणि पोटातून घ्यायच्या गोळीआधी गुडघ्यावर लावायचं वेदनाशामक जेल. जेलमधलं औषध रक्तात कमी जातं, म्हणून पोटाला आणि किडनीला धोकाही कमी. एवढं करूनही चालणं अशक्य झालं असेल तर गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

चालण्याचा फायदा ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात मोजला गेला. तो २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी काहींना हळूहळू चालणं वाढवायला शिकवलं. त्यांचा त्रास परत यायला साधारण २०८ दिवस लागले. बाकीच्यांचा ११२ दिवसांतच परत आला. यातले लोक साधारण पन्नाशीतले होते, हे ध्यानात ठेवायला हवं. पण चालायला पैसे लागत नाहीत.

गुडघ्यासाठी घरी करता येण्यासारखा एक साधा व्यायाम फिजिओथेरपिस्ट सांगतात. खुर्चीवर बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, ५ आकडे मोजायचे, खाली घ्यायचा. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. सुरुवातीला थोडं दुखलं म्हणजे इजा झाली असं नाही. पण हृदयविकार असेल, तोल जात असेल किंवा नुकतंच पडणं झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

घरातले छोटे बदलही मोठे ठरतात. न्हाणीघरात धरायला दांडी, शौचालयावर ठेवायची खुर्ची, खाली बसून भाजी निवडण्याऐवजी टेबल, पायात घट्ट बसणारी चप्पल.

कोणत्या दुखण्यात थांबायचं नाही?

काही दुखणी ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणायची नसतात. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, तापासोबत किंवा वजन घटण्यासोबत येणारं दुखणं, आडवं झाल्यावरही न थांबणारं रात्रीचं दुखणं, आधी कॅन्सर होऊन गेला असेल तर नव्याने सुरू झालेली पाठदुखी. पायातली ताकद जाणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं ही तर तातडीची स्थिती आहे. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात अचानक कळ आली तर बाम चोळत न बसता थेट रुग्णालय गाठायचं.

खर्चाचं काय?

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यात कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. जुनाट दुखण्याचे उपचार बहुतेक ओपीडीत होतात. फिजिओथेरपीसाठी आठवड्याला दोन-तीन फेऱ्या, रिक्षाभाडं, औषधं हे सगळं खिशातून जातं. म्हणजे गुडघा बदलायला योजना आहे, पण गुडघा बदलण्याची वेळ येऊ नये म्हणून लागणाऱ्या व्यायामाला नाही.

एक सरकारी पर्याय मात्र आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी ओपीडी आणि फिजिओथेरपीची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात ती कोणत्या दिवशी असते हे विचारून घ्यावं. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

डॉक्टरकडे जाताना तीन गोष्टी सोबत ठेवल्या तर भेट वाया जात नाही. कुठे, कधी आणि काय केल्यावर दुखतं याची चार ओळींची नोंद. दुखण्यामुळे काय करता येत नाही याची यादी. आणि घरातली सगळी औषधं एका पिशवीत, अगदी चूर्ण आणि पुड्यांसकट.

दुखणं पूर्ण जाईलच असं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाही. पण दहापैकी आठ दुखणारं पाचवर आलं, तर आजी पुन्हा जिना उतरू शकतात आणि आजोबा पुन्हा देवळापर्यंत जाऊ शकतात. त्यासाठी आधी कुणीतरी ‘वय झालं’ म्हणून विषय संपवायचं थांबवावं लागतं.